नोंद न झालेली सुई

४ मार्च
इस्पितळातून आलेले, औषधांना दाद न देणारे जंतू आज प्रयोगशाळेत नव्या औषधाच्या चाचणीसाठी चाळीस अळ्यांना टोचले. शेवटची वळवळली आणि सुई माझी मदतनीस भिंगरी हिच्या बोटात! हातमोज्यातून आरपार. खसाखसा धुतलं. म्हणाली, "ताई, रजिस्टरात लिहू ना?" मी म्हणाले, "एवढंसं तर टोचलंय. राहू दे."
गेल्याच महिन्यात माझ्या हातून बाटली फुटली. पुन्हा काही झालं तर तुम्ही घरी बसा — साहेबांचे शब्द.

५ मार्च
अळ्यांचं रक्त पाहिलं. पिवळसर, पातळ. त्यातल्या पेशी जंतूंवर तुटून पडल्यात. गिळतायत. जिथे जंतू फार, तिथे शेकडो पेशी एकमेकींना चिकटून त्यांना कोंडतात. गाठ होते, काळी पडते. पंधरा वर्षं बघतेय, तरी डोळा हटत नाही. एवढासा जीव, काय झुंजतो!
भिंगरीचं बोट लाल. "ठणकतंय हो." तिला लवकर घरी पाठवलं. तेवढंच केलं.

६ मार्च
भिंगरी नाही आली. अळ्या पटापट मरतायत. पेशींनी जंतू गिळले खरे, पण ते आत मेलेच नाहीत — वाढले. पेशीच फुटतायत. ज्या दहांना नवं औषध दिलं होतं, त्या तेवढ्या जिवंत.
फोन तिच्या नवऱ्याने उचलला. "हात कोपरापर्यंत सुजलाय. इस्पितळात नेतोय." सांगायचं होतं. मी नुसतं "काळजी घ्या," म्हणाले. शी!

७ मार्च
गेले नाही.

८ मार्च
गेले. ती तापात बरळतेय. नवऱ्याला काहीच ठाऊक नाही. बाहेर बाकावर तिची मुलगी गृहपाठ करत बसलेली. मला बघून सरकली, जागा दिली. मी बसलेच नाही. तशीच तिच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि सगळं ओकले — सुई, जंतू, अळ्या कुठल्या औषधाने जगल्या ते. त्या लिहिता लिहिता थांबल्या.
"परवा सांगितलं असतंत तर..."


११ मार्च
औषध लागू पडलं. ताप उतरला. उजव्या हाताची तीन बोटं काढावी लागली.

२९ मार्च
चौकशी. सुई लागली तर नोंद का नाही, साहेबांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत भिंगरी म्हणाली, "ताई लिही म्हणत होत्या. मीच कंटाळा केला."
साहेब माझ्याकडे वळले. "असंच ना?"
मी हो म्हणाले.