बाबा आणि मागची टाकी

गुरुवार, ९ नोव्हेंबर
मागचं अंगण तुंबून वर आलंय. म्हणजे सेप्टिक टँक! झाकणाच्या कडेने काळं पाणी झिरपतंय, संडासात पाणी ओतलं की खालून गुडगुड ऐकू येते. बाबा म्हणाले, पाऊस फार झालाय, जमीन पाणी पीत नाही, दोन दिवसांत बसेल. टाकी त्यांनी स्वतः खणली होती, मी दोन वर्षांची असताना. त्यामुळे तिच्याबद्दल जगात दुसऱ्या कुणाला काही कळत नाही.

मी टँकरवाल्याला फोन केला. उद्या येतो म्हणाला.

शुक्रवार, १० नोव्हेंबर
टँकर आला नाही. दुपारी फोन केला तर तो म्हणतो, तुमच्या वडिलांनी सकाळीच कळवलं, काम झालं म्हणून. काम झालं! मी विचारायला गेले तर बाबा पेपरमागे. "फेलिम मॅकगॉवनच्या घराला टँकर लागत नाही," स्वतःचंच नाव घेऊन म्हणाले, एवढंच.

पुन्हा बोलावलंय. आता सोमवारी.

कौन्सिलच्या ऑफिसातल्या बाईने फोनवर नीट सांगितलं — घरात पाणी वापरू नका, मोरीतलं सगळं तिथेच जातं. झाकण उघडू नका, वाकून बघू नका, आतला वायू माणसाला एका दमात आडवा करतो. बोअरचं पाणी तपासल्याशिवाय पिऊ नका. सगळं केलं. कुत्र्याला बांधलं, कपडे धुणं बंद, कॅरिक गावातून पाण्याचे कॅन आणले. संडासला शेजारच्या अट्रॅक्टाकडे.

बाबा अट्रॅक्टाकडे जायला तयार नाहीत. आणि संध्याकाळी चहा केला तो बोअरच्याच पाण्याचा. कप हातातून काढून ओतला तर म्हणाले, आईसारखी झालीस.

शनिवार, ११ नोव्हेंबर
वास स्वयंपाकघरापर्यंत. बाबा माझ्याशी बोलत नाहीत. बरंच आहे.

रविवार, १२ नोव्हेंबर
 आजचं लिहून ठेवते.

चर्चहून परत आले तर बाबा अंगणात गुडघ्यांवर. पहारीने झाकण अर्धं सरकवलेलं, कमरेला दोरी, दोरीचं टोक सफरचंदाच्या झाडाला. हातात आकडा लावलेला लांब बांबू. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस! मी ओरडले, मागे व्हा. त्यांनी मान वळवली आणि तसेच एका बाजूला कलले.

धावत जाऊन भोकावर वाकायचं नाही, एवढं त्या क्षणीही आठवलं. श्वास रोखला, दोरी धरली आणि ओढलं. ओढत ओढत कुंपणापर्यंत, वारा येतो त्या बाजूला. चेहरा राखेसारखा. मग त्यांना उलटी झाली, आणि मला रडू फुटलं — रागाने.

"कुणाला बोलवायचं नाही," ते पडल्यापडल्या म्हणत होते. "माझं मी काढतो."

अँब्युलन्स आली. ऑक्सिजन, रक्ततपासणी, चार तास. डॉक्टर म्हणाल्या, अजून एखादं मिनिट आणि दोरीचा काही उपयोग झाला नसता. अट्रॅक्टाच्या नवऱ्याने भोकाभोवती मेंढ्यांच्या वाड्याची फाटकं उभी करून ठेवली, लांबूनच.

घरी आल्यावर मी खूप बोलले. बोलू नये ते बोलले. म्हणाले, तुमच्या हट्टापायी मीच मेले असते. ते बूट काढत बसून राहिले. 

सोमवार, १३ नोव्हेंबर
टँकर आला. युनन नावाचा माणूस, पन्नाशीचा, जाडजूड. आम्हा दोघांना घरात बसवलं. लांब नळी सोडली, स्वतः एकदाही वाकला नाही.

काम संपल्यावर दारात हातमोजे काढत बाबांना म्हणाला, "माझा काका असाच उतरला होता, आजोबा. शेणखताच्या टाकीत. त्याला काढायला त्याचा मुलगा उतरला. आम्ही दोघांनाही एकाच दिवशी पुरलं."

बाबांनी मान हलवली. खिडकीपाशी जाऊन उभे राहिले, टँकरच्या नळीकडे बघत.

मी युननला विचारलं, तुंबलं कशाने? त्याने खिडकीकडे पाहिलं, म्हणाला, बाहेरचा पाइप बंद झाला होता, मोकळा केलाय. उद्या फोन करतो. मला वाटलं, आता आणखी कसलं तरी काम काढणार हा.

सांडलेल्या जागी चुना टाकला. पाण्याचा नमुना दिला, आठवडाभर कॅनच.

मंगळवार, १४ नोव्हेंबर
युननचा फोन. म्हणाला, काल त्यांच्यासमोर बोलवेना. पाइपमध्ये डायपर होते, मोठ्या माणसांचे. पन्नासेक तरी. कित्येक महिन्यांचे असतील.

घरात आम्ही दोघंच.

दुपारी गावात गेले. बाबांच्या संडासात झाकणाची टोपली ठेवली, फळीवर मोठ्यांच्या डायपरचं एक पाकीट.   संध्याकाळी पाहिलं तर पाकीट फोडलेलं होतं.