रचनाला शाळेत ठेवू नये याबाबत

प्रति,
मा. गटशिक्षणाधिकारी,
तालुका शिक्षण कार्यालय.

विषय : बौद्धिक अक्षम मुलगी कु. रचना हिचे नाव पटावरून कमी करणे व इतर पालकांच्या चांगल्या अभिप्रायास हरकत.
संदर्भ : समावेशित शिक्षणाविषयी शाळेने आपणांस पाठविलेले पालकांचे मत.

महोदय,

मी मासळी विकते. माझी मुलगी रचना अकरा वर्षांची असून तिची समज लहान आहे. मीच भांडून तिला गावच्या शाळेत घातले. तेव्हा पालकांनी 'आमची मुलं बिघडतील' अशी तक्रार केली होती. यंदा सर्वांनी ती शाळेतच राहावी असे लिहून दिले, म्हणून मी देवीला नारळ वाढवला.

दिवाळीच्या सुट्टीत रचना घरी हाक मारली तरी बघेना. कान तपासले, चांगले निघाले. पुढे तिला घेऊन मी वाडीवाल्या अंबिकाताईंकडे मासळी द्यायला गेले. त्यांची आश्लेषा रचनाच्याच वर्गात आहे. ती ओटीवरून ओरडली, "ए येडी!" रचनाने हात वर करून "हजर!" म्हटले. आश्लेषाने टाळ्या वाजवल्या. वर्गात रोज असेच चालते, सरही हसतात, असे तिने सांगितले.

अंबिकाताई म्हणाल्या, "राग नको मानूस गं. हिच्यामुळे मुलं हसत शाळेत जातात, म्हणून तर मी सही केली. आणि हिला कुठे कळतंय?" त्या दिवशी त्यांनी घासाघीस न करता सुरमई घेतली.

मी मुख्याध्यापकांना भेटले. ते म्हणाले, "मूल आनंदी आहे ना? मग तक्रार कसली?"

संध्याकाळी माझे यजमान होडीवरून आले. "रचना, ये गो बाय," असे त्यांनी पुन्हा पुन्हा म्हटले. तिने मान वर केली नाही. मग त्यांनी हळू आवाजात त्या नावाने हाक मारली. ती हात वर करून धावत आली आणि वाट बघत उभी राहिली. शेवटी त्यांनी टाळ्या वाजवल्या.

पालकांनी खोटे लिहिलेले नाही. त्यांची मुले खूश आहेत. रचनाही खूश आहे. तरी माझी हरकत नोंदवून तिचा दाखला लवकर द्यावा, ही विनंती. सकाळ झाली की ती दप्तर पाठीला लावून शाळेसाठी रडते, आणि मला दाराला बाहेरून कडी घालून मासळी विकायला जावे लागते.

आपली नम्र,
सौ. सगुणा हरेश्वर नाखवा
कोळीवाडा, रेवस
दि. २ डिसेंबर २०२४