बाईंची बटणं

२ फेब्रुवारी, सोमवार
नवी डायरी, नवा संकल्प. रोज लिहायचं, थोडक्यात लिहायचं, कुणाला नावं ठेवायची नाहीत.

विभागात शिरलो तर सिंकमध्ये बोटांच्या व्यायामाच्या मऊ पुटीचा गोळा पडलेला, त्याला कुणाचे तरी केस चिकटलेले. शिसारी आली. हे त्या बदलीवालीचं काम. गेल्या महिन्यात दुसऱ्या पुनर्वसन केंद्रातून बदलून आली. माझ्याच वयाची, माझ्यासारखीच ऑक्युपेशनल थेरपिस्ट, आणि पेशंटशेजारी सतरंजीवर फतकल मारून बसते. आजारानं गेलेली रोजची कामं माणसाला पुन्हा शिकवणं हा आमचा पेशा. लोक आधीच आम्हाला मालिशवाले समजतात, त्यात हिचं हे बसणं.

असो. केस मिळाली. रेडिओवर बातम्या वाचणाऱ्या बाई. आवाज सगळ्यांच्या ओळखीचा, चेहरा कुणाच्याच नाही. पक्षाघातानं उजवी बाजू अधू झालीये. वाचा परत आलीये, जरा जास्तच. १५ मार्चला आमच्या पुनर्वसन केंद्राचा सुवर्णमहोत्सव आहे, त्यात स्टेजवर एका पेशंटचं प्रात्यक्षिक, आणि ते माझ्याकडे. बाईंना स्वावलंबी करून दाखवतो. मग विभागप्रमुखाची खुर्ची कुणाला मिळते ते बघू.

४ फेब्रुवारी
पहिलं सेशन. नियमाप्रमाणे चाचणी घेतली. डबा उघडला, केस विंचरले, शर्टाची बटणं मात्र अजिबात जमली नाहीत. उपचाराचं ध्येय ठरलं: बटणं.

बाई म्हणाल्या, त्यांनी जन्मात बटणांचा शर्ट घातलेला नाही. डोक्यातून घालायचे सैल कपडे घालतात, ते धाकटी बहीण पटकन घालून देते, आणि त्यात दोघींची काही तक्रार नाही. त्यांना म्हणे एकच हवंय. माइकसमोर बसून डाव्या हातानं बातम्यांचे कागद उलटायचे, आवाज न करता. कागद सळसळला की घराघरात ऐकू जातो. रेडिओवाले एक एप्रिलपर्यंत जागा ठेवणार, मग दुसरं कुणीतरी बसणार. आणि रेडिओवर कपडे दिसत नाहीत, असंही वर ऐकवलं.

निव्वळ टाळाटाळ. कागद उलटणं आमच्या चाचणीत नाही. बटणं आहेत. ‘मोटिव्हेशन कमी’ असा शेरा मारला. घरी शर्टच नाही म्हणे, म्हणून बहिणीला नवीन विकत आणायला सांगितलं. बहिणीचा चेहरा चमत्कारिक झाला. असली माणसं खर्चाला मागेपुढे बघतात.

९ फेब्रुवारी, सकाळी
ही माहेरी गेलीये. मोजे सापडेनात. फोन केला. तिसऱ्या कप्प्यात आहेत म्हणाली. होते, पण कप्पा उघडून पुढ्यात ठेवलेले नव्हते. कोटाचं बटण लोंबतंय, ते ही येईपर्यंत तसंच राहणार. माझ्यासारख्यानं सुईदोऱ्यात शक्ती घालवली तर महत्त्वाच्या कामाला काय उरणार? घरात कामं वाटून घेतलेली बरी असतात.

दुपारी बाईंच्या बहिणीला बसवून समजावलं, की मदत हा पेशंटचा सर्वांत मोठा शत्रू आहे. ती म्हणाली, मी मदत करत नाही, ताईला कपडे घालते. फरक काय ते मला कळलं नाही. तिलाही नसणार.

१३ फेब्रुवारी
एक बटण लागलं. खालून दुसरं, वरच्या काजात, पण लागलं.

मान वाकवून बटण बघताना बाईंच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळ येते आणि शर्टावर पडते. मला कळू न देता पुसायची त्यांची धडपड चालते. मला बघवत नाही. मी खिडकीबाहेर बघतो. तिथेही कचऱ्याचा डबा आहे.

सेशन संपल्यावर आवाज इतका खोल गेला की पाणी मागितलेलं ऐकू आलं नाही. बहीण म्हणाली, सगळी ताकद इथेच संपते, घरी वाचायला बसली की दोन ओळींत दम लागतो. मी म्हटलं, थकवा म्हणजे प्रगती. हे वाक्य भाषणात घ्यायचं.

१८ फेब्रुवारी
बदलीवाली माझ्या पेशंटशी बोलताना सापडली. काय करायचंय तुम्हाला, असं विचारत होती. पेशंटला. डॉक्टर कधी आजाऱ्याला विचारतो का, तुम्हाला कुठला आजार हवाय? तिला बाजूला घेऊन खडसावलं. ती म्हणाली, बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ना? मी म्हटलं, सांगितलं होतं, म्हणून ऐकलंच पाहिजे असं नाही. तिनं माझ्याकडे बघून नाक मुरडलं. विभागात वास येतो हे मान्य, पण नाक माझ्याकडे बघून मुरडायचं कारण नव्हतं.

२४ फेब्रुवारी
आजपासून कडक धोरण. बहिणीला बाहेर बसवलं. बाईंना शर्ट दिला आणि सांगितलं, पूर्ण झाल्याशिवाय उठायचं नाही, झालं की हाक मारा. लक्ष राहावं म्हणून पडदा उघडा ठेवला. तेवढ्यात केंद्र चालवणाऱ्या मोठ्या मॅडमनी महोत्सवाच्या मीटिंगला बोलावलं. पाहुण्यांचे गुच्छ, बॅनरचा रंग, समोसे की सँडविच. वेळ गेला.

परत आलो तर बाई तशाच. एक बाही घातलेली, दुसरा खांदा उघडा, आतले कपडे दिसतायत. दारावरून ट्रॉलीवाले, पेशंट, पेशंटचे नातेवाईक जातायत. हाक का मारली नाही, विचारलं. मारली म्हणे, बरेचदा. आवाज पोचला नसेल. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पक्षाघातानंतर भावना आवरत नाहीत, हे पुस्तकात दिलेलंच आहे. तसं समजावलं तर तोंड फिरवलं.

बदलीवाली चादर घेऊन धावत आली. बाईंना गुंडाळलं, बहिणीला आत घेतलं, पडदा ओढला आणि बाहेर येऊन मला म्हणाली, मला तुमची किळस येते. माझी. मी दिवसातून दहादा हात धुतो.

२५ फेब्रुवारी
मॅडमनी बाईंना बदलीवालीकडे दिलं. मी मोठ्या मनानं सोडलं. प्रात्यक्षिक मात्र माझंच, पत्रिका छापून झाल्यात. शिवाय बाई कामाला फिट आहेत हे रेडिओला कळवायचं ते सीनिअरनं, म्हणजे मी. बाईंना तसं स्पष्ट सांगितलं. आधी स्टेजवर बटणं, मग रेडिओ. कुणी याला दुसरं काही म्हणेल, आमच्या शास्त्रात याला मोटिव्हेशन म्हणतात. बाई म्हणाल्या, बरं. बघा, नेट लावला की माणूस वळतो.

६ मार्च
सहज बदलीवालीच्या खोलीवरून गेलो. टेबलावर उतरता लाकडी स्टँड, त्यावर जाडसर कागद, बाईंच्या डाव्या बोटाला कॅशिअर लावतात तसली रबरी टोपी. एक पान वाचायचं, बोटानं सरकवायचं. बदलीवाली डोळे मिटून ऐकत बसलेली. कागद वाजला की एक बोट वर करते. बाई हसतात आणि पुन्हा पहिल्यापासून. बहीण कोपऱ्यात मटार सोलतेय. हे केंद्र आहे की कुणाचं घर? ती रबरी टोपी किती जणांच्या थुंकीची असेल, या विचारानं दुपारी जेवण गेलं नाही. रात्री दोनदा जेवलो.

१४ मार्च
भाषण पाठ. ‘आज या बाई कुणावरही अवलंबून नाहीत’, इथे थांबायचं, टाळ्या होऊ द्यायच्या. हिनं कोटाचं बटण शिवलं, कोटाला इस्त्री केली, टाय बांधून गळ्यात अडकवता येईल असा तयार ठेवला. उद्याचा दिवस माझा.

१५ मार्च, रात्री
लिहावंसं वाटत नाही. पण संकल्प आहे.

हॉल भरलेला. मी ओळख करून दिली. बाईंना अंगावरच्या कपड्यांवरूनच शर्ट चढवला. त्यांनी पहिलं बटण लावलं. हॉलमध्ये टाळ्या. दुसरं लावलं, जास्त टाळ्या. लहान मूल पहिल्यांदा उभं राहिल्यावर वाजवतात तशा. पुढच्या रांगेतल्या काहींनी तर डोळे पुसले. मी मॅडमकडे बघून मान डोलावली.

तिसऱ्या बटणाशी बाई थांबल्या. डाव्या हातानं शर्ट खांद्यावरून काढला आणि माझ्या हातात दिला. बहिणीनं खालून कागद वर दिले, बदलीवालीनं स्टँड आणून ठेवला. हे तिघींनी कधी ठरवलं मला माहीत नाही. मला कुणी विचारलं नाही.

मग बाईंनी बातम्या वाचल्या. खरोखरच बातमीपत्र. आवाज तोच, रेडिओवरचा. शहरातल्या एका केंद्रात एका स्त्रीला, ती कधीच घालत नसलेल्या शर्टाची बटणं लावायला शिकवण्यात आली. तिनं पहिल्या दिवशी मागितलेली गोष्ट चाचणीत नसल्यामुळे नाकारण्यात आली. तिला उघड्या पडद्यामागे अर्धवट कपड्यांत बसवून संबंधित अधिकारी मीटिंगला गेले. तिनं मारलेल्या हाका कुणी ऐकल्या नाहीत, असं सूत्रांकडून समजतं. बटणं लावली नाहीत तर नोकरीवर जाऊ दिलं जाणार नाही, असं तिला कळवण्यात आलं. तिला कुणी कपडे घालावेत, हे ती स्वतः ठरवेल, असं तिनं स्पष्ट केलं आहे. बातम्या संपल्या.

पानामागून पान सरकत होतं. मी कान देऊन होतो. एकदाही सळसळ नाही. नाव घेतलं नाही, एवढा सभ्यपणा दाखवला. पण सगळे माझ्याकडेच बघत होते, कारण शर्ट माझ्या हातात होता. टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत. जे डोळे पुसत होते त्यांनी रुमाल आत ठेवले.

माझं भाषण राहिलं.

१६ मार्च
मॅडमनी स्वतः रेडिओला फोन करून बाई फिट असल्याचं सांगितलं. मला म्हणाल्या, पेशंटना कसं विचारायचं हे काही दिवस बदलीवालीच्या शेजारी बसून शिका. सतरंजीवर. मी म्हटलं, माझे गुडघे दुखतात. मॅडम म्हणाल्या, मग तिला तसं सांगा, ती विचार करेल.

संताप, उबग, सगळं एकदमच. ठरवलंय की बाई पहिल्याच दिवशी तोंडघशी पडणार, आणि परत आल्या की मी मोठ्या मनानं घेणार.

१ एप्रिल, सकाळी
हिला म्हटलं, रेडिओ लाव, माझी पेशंट वाचणार आहे. ही हातातलं काम टाकून बसली. मी कागदाची सळसळ ऐकायला स्पीकरजवळ खुर्ची ओढली.

बाईंनी सुरुवात केली. ही म्हणाली, किती दिवसांनी ऐकला हा आवाज, बरं वाटलं. मी तिला सांगितलं की यामागे आमच्या विभागाची मेहनत आहे. ती म्हणाली, तुम्ही काय शिकवलंत त्यांना? मी म्हटलं, बटणं. रेडिओवर? तिनं विचारलं. मी तिला नीट समजवायला घेतलं, की बटणं हे केवळ साधन असतं, खरा मुद्दा स्वावलंबनाचा, आणि चाचणीचा, आणि पेशंटला स्वतःचं हित कळत नसतं याचा...

ही म्हणाली, जरा गप्प बसा, त्या काय म्हणतायत ते ऐकू येत नाहीये.

गप्प बसलो. बातम्या शेवटपर्यंत ऐकल्या.