कोपऱ्यातली खुंटी

बाबा, तुला मी कधी पत्र लिहिलं नाही. तुला वाचता येत नव्हतं, आणि मी लिहायला शिकले तेव्हा आपण एकाच घरात राहत होतो. तुला जाऊन आता वीस वर्षं होऊन गेली. आज लिहायला बसले ती त्या मॅचसाठी. तुझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणून तू जी शेवटपर्यंत सांगत राहिलास, तिच्यात एक चूक होती, आणि ती फक्त मला ठाऊक होती.

पावसाळ्यात भाईंदरची मिठागरं पाण्याखाली जायची, मग चार महिने तू मुंबईला गोऱ्या साहेबांच्या मैदानावर कामाला जायचास. मिठाचे वाफे तुडवून सपाट करणाऱ्या माणसाला पाणी कुठून कुठं वळवायचं ते कळतं, म्हणून तुला त्यांनी ठेवून घेतलं होतं. साहेब लोक रग्बी पावसातच खेळायचे. तू चुन्यानं रेषा आखायचास आणि मॅच सुरू झाली की दोरामागे माळी, पट्टेवाले, बावर्ची यांच्यात उभा राहायचास. चेंडू काखेत मारून शेवटची रेषा ओलांडायची आणि तो जमिनीला टेकवायचा, याला ट्राय म्हणतात, हे मला अक्षरओळख व्हायच्या आधी ठाऊक झालं. कडेनं पळणारा एक किडकिडीत, पांढराफटक साहेब तुझा लाडका. त्याचं नाव तू बोंबील ठेवलं होतंस, कारण तो कुणाच्या हातात राहत नसे. साचलेल्या पाण्यातून पोटावर घसरत जाऊन त्यानं केलेला एक ट्राय तू घरी येऊन आम्हाला करून दाखवलास, न सोललेला नारळ काखेत घेऊन. "एकाला असा चुकवला, दुसऱ्याला असा," म्हणत चुलीपाशी उभ्या असलेल्या आईला वळसा घातलास आणि सारवलेल्या जमिनीवर सपशेल आडवा झालास. आई म्हणाली, "झाला तुझा बोंबील? आता माझा नारळ दे. आन् सदरा तूच धू."

दुसरी मोठी लढाई अजून सुरू व्हायची होती, मी दहा वर्षांची असेन. हट्ट धरला म्हणून हंगामातल्या शेवटच्या मॅचला तू मला नेलंस. मैदानाच्या कोपऱ्यात, शेवटच्या रेषेजवळ, चुन्याच्या उपड्या डब्यावर बसवलंस आणि डोक्यावर गोणपाटाची खोळ दिलीस. "हितं बस. हालू नको, न्हायतर एखादा साहेब येऊन पडंल अंगावर." रेषेचं टोक दाखवणाऱ्या, कोपऱ्यातल्या निशाणाची काठी कुणी तरी तिच्यावर कोसळून मोडली होती. तिच्या जागी तू एक लाकडी खुंटी ठोकलीस आणि पलीकडचं पाणी काढायला गेलास. माझ्या पायांना चिखलाचा लगदा लागला होता. मी ती खुंटी उपटली, तळपाय खरवडले आणि परत खोचून ठेवली. आधीचं भोक तोवर बुजलं होतं. वीतभर पुढे, रेषेच्या पलीकडे गेली असेल. त्यानं काही होईल असं मला वाटलंही नाही.

शेवटची काही मिनिटं उरली आहेत. बोंबलाच्या संघाला एक ट्राय हवा, नाहीतर हार. रेषा पावसानं कधीच धुऊन नेल्या आहेत. बोंबील थेट माझ्याच दिशेनं पळत येतोय आणि तू दोरामागून ओरडतोयस, "पळ रं, पळ! मागं बघू नको!" दोघं जण त्याच्या पायांना झोंबतात. तो लांबच्या लांब पडतो, हात ताणतो आणि चेंडू टेकवतो. चिखल माझ्या तोंडावर उडतो. चेंडू तो तसाच दाबून धरतो, सोडत नाही.

पंच मागेच घसरून पडला होता. धावत आला तर त्याला रेषाच दिसेना. त्यानं तुला हाक मारली, "ए चुनावाला! लाइन किधर?" तू गुडघ्यावर बसलास, एक डोळा मिटलास आणि त्याच रेषेवरच्या गोलच्या खांबापासून खुंटीपर्यंत नजर लावलीस. मिठागरात बांध सरळ आहे का ते बघायला लावायचास तशी. दोन्ही बाजूंचे खेळाडू तुझ्याभोवती उभे. फार वेळ लावलास.

"साब, लाइन इधर. बॉल एक बित्ता कम है."

"पक्का?"

"पक्का, साब."

ट्राय मिळाला नाही. बोंबील उठला, तुझ्याकडे बघून हसला आणि मान हलवत निघून गेला. मी खुंटीकडे बघत होते. सांगायला तोंड उघडलं होतं की नाही, आता आठवत नाही.

बाहेर पडताना एक माळी तुला म्हणाला, "काय रे, तुझाच बोंबील ना तो? रेषा जरा अलीकडे दाखवली असतीस तर कुणाला कळलं असतं?" तू म्हणालास, "मला कळलं असतं ना." मग माझा हात धरून तू घरची वाट धरलीस. गोष्ट गावात पसरली. बांधावरून भांडण लागलं की लोक म्हणायचे, "त्याला बोलवा, साहेबानं त्याचा शब्द मानलाय." आणि तू जायचास, डोळा मिटून नजर लावायचास, आणि भांडणारे दोघंही ऐकायचे. ते बघितल्यावर मी कुठल्या तोंडानं सांगणार होते?

शेवटच्या दुखण्यात एका दुपारी तू मला जवळ बोलावलंस. "पोरी, तू तं तठंच व्हतीस. बॉल वीतभर कमीच व्हता ना?" मी विचारलं, आज का विचारतोस. तू म्हणालास, "त्यानं बॉल सोडलाच न्हाय गो. ज्याला ठाऊक असतं त्यो सोडत न्हाय." इतकी वर्षं ती कथा सगळ्यांना सांगताना हे तुझ्या मनात होतं, हे मला तेव्हा कळलं. मी म्हटलं, "कमीच होता, बाबा." तू मान डोलावलीस आणि पाणी मागितलंस.

तो ट्राय झाला होता. तुझी नजर चुकली नव्हती, खुंटी चुकीच्या जागी होती, आणि ती मी तिथं ठेवली होती. तुझं मन मोडू नये म्हणून गप्प राहिले, असं मी स्वतःला सांगत आले, पण ते अर्धंच खरं आहे. साहेबानं ज्याचा शब्द मानला त्याची मुलगी म्हणून मला सासरीसुद्धा ओळखायचे, आणि मला ते फार आवडायचं. हे पत्र मी कुणाला वाचून दाखवणार नाही. परवा माझ्या धाकट्या मुलानं ती गोष्ट विचारली, तेव्हाही मी ती तुझ्यासारखीच सांगितली.