आमचा सर्वात एंगेज्ड ग्राहक

सोमवार, ३ मार्च. सकाळी ९.४०
आजपासून नवं पर्व. अकरा वर्षं गाद्यांचं मार्केटिंग केल्यावर साहेबांना माझी किंमत कळली. (बाकीचे दोघे रजेवर आहेत, तो योगायोग.) नव्या सॉफ्टवेअरमधली 'कस्टमर जर्नी' माझ्याकडे. म्हणजे ग्राहक काय करतो ते बघून सॉफ्टवेअर आपणहून मेसेज पाठवणार, आणि तेही इतक्या जिव्हाळ्याने की प्रत्येकाला वाटावं, कंपनीला फक्त आपलीच काळजी. जिव्हाळा हा माझाच प्रांत.

दुपारी ३.१०
बाबांचा फोन. २१ तारखेला, शुक्रवारी, मोतीबिंदूचं ऑपरेशन. फॉर्मवर सही करायला घरचं माणूस लागतं म्हणे. मी येणार म्हणजे येणार, असं ठणकावून सांगितलं. बाबा एकटे राहतात, बसने पाच तास. आणखी काहीतरी सांगत होते, पण मी जिव्हाळ्याच्या मीटिंगमध्ये होतो.

बुधवार, ५ मार्च
जर्नीचा चार्ट तयार. चौसष्ट चौकोन, एकशे दोन बाण. प्रिंट काढून डायनिंग टेबलवर पसरला. जेवण ओट्यापाशी, उभ्याने. बायकोने विचारलं, यात माणूस कुठे आहे. बाराव्या चौकोनावर बोट ठेवलं. ती म्हणाली, यावर तर 'तीन दिवस थांबा' लिहिलंय. तिला टेक्निकल गोष्टींत रस नाही.

शुक्रवार, ७ मार्च
चाचणीसाठी एक ग्राहक हवा. खोटा ग्राहक घेतला की मेसेजमध्ये जीव येत नाही. ज्याची नस न् नस मला ठाऊक आहे असा खरा माणूस हवा. म्हणून बाबांना घातलं. फॉर्म भरला. वय: चौऱ्याहत्तर. (बायको म्हणते शहात्तर.) आवडता रंग: आठवेना. निळा टाकला. कसे झोपतात: आठवेना. कुशीवर टाकलं. महत्त्वाची तारीख: २१ मार्च. ही मात्र पाठ आहे.
शिवाय बाबांची रोज विचारपूस होणार, तीही मला हात न लावता. इतकी वर्षं हे कुणाला कसं सुचलं नाही!

सोमवार, १० मार्च. सकाळी १०.१५
पहिला मेसेज गेला. "बाबा, काल झोप कशी लागली?" ग्राहकाने मेसेज उघडला की स्क्रीनवर हिरवा ठिपका येतो. बाबांचे पाच ठिपके! एकच मेसेज पाच वेळा! इतर ग्राहक एकदासुद्धा उघडत नाहीत. जीव आल्याचा हा परिणाम.
बायको म्हणाली, त्यापेक्षा एक फोन कर. मी शांतपणे समजावलं की फोन एका वेळी एकालाच करता येतो. ती म्हणाली, बाबाही एकच आहेत. विषय बदलला.

गुरुवार, १३ मार्च
ठिपके सातावर. बाबा उलट उत्तरंही पाठवतात, नऊ जमलीत. वाचलेली नाहीत. एकेक उत्तर हाताने वाचायचं तर सॉफ्टवेअर कशाला घेतलं? ते स्वतःच कळवतं, "तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे." इतकं छान मी कधी बोललो नसतो.

सोमवार, १७ मार्च
साहेबांनी प्रेझेंटेशन ठेवलं. शुक्रवारी, २१ ला. त्या दिवशी जमणार नाही असं सांगणारच होतो, पण साहेबांचा मूड चांगला होता. कशाला विरजण घाला?
तोडगा काढला. ऑपरेशनच्या दिवसासाठी बाबांच्या जर्नीत तीन चौकोन वाढवले. बायकोने विचारलं, यातला कुठला चौकोन सही करणार. तिला शाळेत परीक्षेची ड्युटी आहे, नाहीतर तिलाच पाठवली असती. हे तिला बोलून दाखवलं. नको होतं दाखवायला.
मी येत नाही, हे बाबांना कळवायचं आहे. उद्या.

बुधवार, १९ मार्च
कळवायचं राहिलं. त्यात किरकोळ गडबड. महत्त्वाची तारीख जवळ आली की सॉफ्टवेअर आनंद साजरा करतं. बाबांना मेसेज गेला, "बाबा, तुमच्या मोतीबिंदूनिमित्त सर्व गाद्यांवर वीस टक्के सूट!"
अकरा ठिपके. म्हणजे आवडलेला दिसतो. बायकोला सांगितलं तर ती हसत हसत खाली बसली. मग एकदम हसायची थांबली आणि आत गेली.

शुक्रवार, २१ मार्च. सकाळी ८.००
नवा शर्ट. बाबांना साडेनऊचा 'ऑल द बेस्ट' लावून ठेवला. प्रेझेंटेशन संपलं की पहिला फोन बाबांना. पक्कं.

दुपारी १२.२०. ऑफिसच्या जिन्यात
झालं ते असं. साहेब खूश होते. मी सांगितलं, हा आमचा सर्वात एंगेज्ड ग्राहक, प्रत्येक मेसेज सरासरी सात वेळा उघडतो. साहेबांनी विचारलं, घेतलं काय त्याने? काही नाही. मग म्हणतो काय? मला माहीत नव्हतं. साहेबांनी मोठ्या पडद्यावर उत्तरं उघडायला लावली आणि स्वतःच मोठ्याने वाचायला घेतली. त्यांना स्वतःचा आवाज आवडतो.
"चिरंजीवास आशीर्वाद. झोप लागली. अक्षरं दिसत नाहीत, म्हणून तुझा मेसेज पुन्हा पुन्हा उघडून बघतो. शेवटी शेजारचा शिंपी वाचून दाखवतो. हे उत्तरही तोच लिहितोय."
"गादी नको. आहे ती तुझ्या आईने घेतलेली. चांगली आहे."
"कोणत्या बसने येतोस? स्टँडवर येईन." हे ओळीने तीन दिवस. तिन्ही वेळा खाली सॉफ्टवेअर: "तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे."
शेवटचं आज १०.०५ चं. "मी शेजारचा शिंपी. काकांना आत नेलं. मुलगा म्हणून मीच सही केली. गादीचे मेसेज बंद करा. फोन वाजला की तुमचाच असेल म्हणून काका धडपडत उठतात."
साहेबांनी विचारलं, हे कोण गृहस्थ? मी म्हणालो, टेस्ट कॉन्टॅक्ट. साहेब बराच वेळ चष्मा पुसत बसले.
बाबांचा फोन बंद आहे.

शनिवार, २२ मार्च. सकाळी ९.१०
लागला. बाबांच्या एका डोळ्याला पट्टी, दुसऱ्याने तसंही दिसत नाही, त्यामुळे फोन कुणाचा हे त्यांना कळलं नसणार. मी विचारलं, बाबा, काल झोप कशी लागली? ते म्हणाले, गादीवाले ना? नको म्हणून कळवलंय तुम्हाला. आणि ठेवला.
आवाज ओळखला नाही, की ओळखून ठेवला, कळायला मार्ग नाही. बायको म्हणाली, दोन्हींत फारसा फरक नाही.


सकाळी ११.०५
बसमध्ये. खिडकीची जागा मिळाली. कोणत्या बसने येतोय ते कळवलेलं नाही. स्टँडवर कुणी येणार नाही.