उत्तम कान

मंगळवार संध्याकाळ, सांगली

आज माधवनगरला यंत्रमाग कामगारांचे कान तपासले. वीस वर्षं त्या खडखडाटात काढलेल्या रमजानचाचांचे कान उत्तम? तिथंच शंका आली. आवाज ऐकू आला की बटण दाबायचं, एवढंच काम. पण चाचांची नजर माझ्या हातावरून हलेना. मी आवाज सोडायची कळ दाबली, की लगेच त्यांचं बटण.

मी त्यांची खुर्ची भिंतीकडे वळवली. मग त्यांनी एकदाही बटण दाबलं नाही.

समोर येऊन मोठ्यानं विचारलं, "चाचा, माझा हात बघत होता ना?"

"व्हय, डॉक्टरमॅडम. मुकादमानं सांगितलं तसं. कान गेलेत म्हनून लिवलं, तर मागावरनं काढतील."

शेजारीच उभा असलेला मुकादम हसला. "आवं मॅडम, मस्करी केली."

मस्करी? एकट्या चाचांशीच? की सगळ्यांनाच हात बघायला शिकवलंय? आणि कधीपासून?

तपासणी तिथंच थांबवली. उद्या सगळ्यांना पाठमोरं बसवून पुन्हा करणार, असं मालकांना सांगून आले. घरी येऊन गेल्या वर्षीचे कागद काढले. सगळ्यांचे कान उत्तम. प्रत्येक पानाखाली सही माझी.