तांदळातलं नाव

जुबैल, सौदी अरेबिया
१२ जानेवारी २०२५

ती. भिकूदादास,
धाकट्या बहिणीचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही इकडे खुशाल आहोत. पत्र हातानंच लिहितेय, अमोघ फोटो काढून तुझ्या फोनवर पाठवेल. फोनवर बोललं की यांचे कान टवकारतात, आणि मला तर यांच्याबद्दलच लिहायचंय.

सूनबाईला, नूपुरला, आता नववा लागेल. तिच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे त्यांना येता येणार नाही. बाळंतपण माझ्यावर आलंय आणि मला ते मनापासून हवंय. पण आमच्या मुक्कामाची मुदत महिनाअखेर संपते. ती वाढवायची तर आधी आम्हा दोघांचा आरोग्य विमा नव्याने काढावा लागतो. विमा नाही तर मुदत नाही, आणि मुदत नाही तर खलास, विमानात बसा.

अमोघ रास अल खैरच्या प्लांटमध्ये दुरुस्तीच्या शटडाऊनला अडकलाय, घरी नुसता झोपायला येतो. शुक्रवारी सुट्टी आहे, तेव्हा विमा काढतो म्हणाला. त्यावर यांनी त्याला ऐकवलं, की बँकेत तीस वर्षं चेक पास केलेल्या माणसाला फॉर्म भरायला शिकवू नकोस. झालं. नाकावर चष्मा ठेवून बसले आणि संध्याकाळपर्यंत दोन्ही विमे काढून मोकळे झाले. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देवापुढे ठेवलेत. हा विमा फक्त तातडीच्या दुखण्याला चालतो, कवळीला नाही, हे कळल्यावर मात्र जरा हिरमुसले.

वहिनींना नमस्कार. कोकमं संपत आली, तुझी माया तेवढी संपू देऊ नकोस.

तुझी,
शेवंता


जुबैल
२० जानेवारी २०२५

श्री. भिकाजीराव यांस,
कमलाकरचा सा. न. वि. वि.

कारणास्तव लिहीत आहे. माझी मुदत वाढली. सौभाग्यवतींची नाकारली गेली. विमा चित्रा यांच्या नावे आहे आणि पासपोर्ट शेवंता यांच्या नावे आहे, असा आक्षेप आहे. लग्नात मी तांदळात अंगठीने लिहून त्यांचं नाव चित्रा ठेवलं, हे आपण जाणताच. सर्व नातेवाईक, दूधवाला आणि घरातली सगळी भांडी त्यांना याच नावाने ओळखतात. सरकारी नोंद तेवढी करायची राहून गेली, आणि फॉर्म भरताना हात सवयीने गेला. याला चूक म्हणता येणार नाही, फार तर नावात फरक म्हणता येईल.

अमोघ म्हणतो, नवा विमा काढला की काम होईल. परंतु पुराव्यानिशी दुरुस्ती होत असेल तर माघार का घ्यावी? आपल्याकडच्या अल्बममध्ये मी नाव लिहीत असतानाचा फोटो आहे. त्याची स्वच्छ प्रत पाठवावी. दिवस थोडे उरले आहेत. सौभाग्यवतींनी बॅग भरायला काढली आहे आणि त्या माझ्याशी बोलत नाहीत.

घरी सर्वांना नमस्कार. लोभ पूर्ववत ठेवावा.

आपला,
कमलाकर


हेदवी
२१ जानेवारी २०२५

श्री. कमलाकरपंत यांस,
भिकाजीचा सा. न. वि. वि.

फोटो सापडला. त्यात ताट आहे, तांदूळ आहेत, तुम्ही आहात. अक्षरांवर तुमचा कोपर आलाय. तिकडचे साहेब हे बघून म्हणतील, की गृहस्थ तांदूळ निवडतायत, पण याचा विम्याशी काय संबंध?

रागावू नका, पण मला हसू आवरलं नाही. तुमच्याच अमोघच्या मुंजीला मी दिलेला चेक तुम्ही परत केला होतात. मी सही भिकू केली होती आणि खातं भिकाजी नावाचं होतं. पाहुणे जेवत असताना मला घरी जाऊन नवा आणायला सांगितलं होतंत. आठवतं ना?

तुमच्या आत्याबाई लग्नात म्हणाल्या होत्या, शेवंता हे नाव बँकेतल्या माणसाच्या बायकोला शोभत नाही. आमची आई त्या दिवशी जेवली नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. ते नाव तिनं ठेवलं होतं. म्हणून पासपोर्ट काढताना मी शाळेचा दाखला मुद्दाम पुढे केला.

तेव्हा पंत, वाद पुरे. नवा विमा काढा आणि तिचं नाव या वेळी तुमच्या हाताने लिहा. माझ्या बहिणीला त्या बाळंतपणाची फार हौस आहे.

राग आला तर दोन दिवस धरा, तिसऱ्या दिवशी मेहुण्यावर पुन्हा लोभ करा.

आपला,
भिकाजी (हीच सही चालेल)


जुबैल
१८ फेब्रुवारी २०२५

ती. भिकूदादास,
शि. सा. न. वि. वि.

आधी गोड बातमी. परवा पहाटे नूपुरला मुलगी झाली. दोघी छान आहेत.

तुझं पत्र यांनी दोनदा वाचलं आणि फॉर्म भरायला बसले. एका बोटाने एकेक अक्षर दाबायचे आणि मला दाखवायचे. मुदत अगदी शेवटच्या दिवसांत मिळाली. भरलेली बॅग मी त्याच दुपारी रिकामी केली.

तो विमा लगेच कामालाही आला. लाडवांसाठी डिंक तळताना तूप हातावर उडालं. हॉस्पिटलात नेलं, कागद दिले, बसलो. आतून शेवंता, शेवंता अशा हाका सुरू झाल्या. मी आपली हात फुंकत बसले. मनात म्हटलं, कोण ही बाई, एवढी बोलावतायत तरी उठत नाही. शेवटी हेच उभे राहिले आणि सगळ्या लोकांसमोर मला म्हणाले, “शेवंता, अगं, तुलाच बोलावतायत.”

दादा, बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा यांच्या तोंडून ते नाव ऐकलं. मला रडूच आलं. नर्सला वाटलं, भाजल्यामुळे. तिनं भराभर मलम लावलं आणि मीही तिला काही सांगितलं नाही. हात आता बरा आहे.

घरी हे सवयीने चित्राच म्हणतात. पण काल अवेळी चहा हवा होता, तेव्हा शेवंता म्हणून पाहिलं. चहा मिळाला.

बाळाचं नाव ओवी ठरलंय. मी अमोघला बजावलंय, हिच्या लग्नात नाव बदलायला कुणी तांदळाचं ताट पुढे केलंच, तर सरळ त्याचा भात लावायचा.

बारशाला येता येणार नाही तुला, आशीर्वाद मात्र भरपूर पाठव.

तुझी,
शेवंता